कागदाचा दोष

माझ्याकडे नऊ कागद उरले होते. फोटोचे कागद, आठ बाय दहाचे; धंद्यात आम्ही त्यांना ब्रोमाइड म्हणायचो. ज्या कारखान्यात ते बनायचे तो बंद पडून इतकी वर्षं झाली, की आता फोटोच्या दुकानात नाव काढलं तर समोरचा माणूस झेरॉक्सचा गठ्ठा पुढे करतो. डब्यावरची मुदत तर केव्हाच उलटून गेली होती. मुदत उलटलेला फोटोचा कागद दुधासारखा नासतो, फक्त त्याला वास येत नाही. काळ्या वेष्टनात गुंडाळून डबा कपाटाच्या तळाशी ठेवला, उजेड अजिबात लागू दिला नाही, तरी तो आपला आतल्या आत काळवंडत जातो. आधी काठ जातात, मग हळूहळू मधला भाग.

असले कागद मी कशाला जपून ठेवले आहेत, असं मुलानं एकदा विचारलं होतं. मी त्याच्यावर डाफरलो. उत्तर नसलं की मी डाफरतो, ही माझी जुनी खोड आहे.

दापोडीत रेल्वे लाइनकडे जाणाऱ्या एका बोळात फोटो स्टुडिओ होता. तिथली डार्करूम मी पंचवीस वर्षं सांभाळली. मालकांना सगळा बोळ उस्ताद म्हणायचा, मीही म्हणायचो. लग्नाबिग्नाची कामं बाजारपेठेतल्या स्टुडिओंना मिळायची. आमची भाकरी कंपन्यांवर होती. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कंपनीत भरती झाली की गेटपासला फोटो लागायचे. मग टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरीच्या ऑफिसच्या, मागच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकायची, समोर स्टूल ठेवायचं आणि एका दुपारी चाळीस-पन्नास माणसं उरकायची. प्रत्येकाच्या हातात पाटी, पाटीवर खडूनं त्याचा टोकन नंबर. फोटो उस्ताद काढायचे. पाटी लिहायची आणि ती माणसाला हनुवटीखाली सरळ धरायला लावायची, हे काम माझं. मी बऱ्यापैकी ओरडायचो. हलू नका, हसू नका, पाटी वाकडी धरू नका. नाव कुणाचंच विचारत नसू. फिल्म धुऊन झाली की पाकिटावर नंबर लिहायचे, अमुकपासून तमुकपर्यंत, की काम संपलं.

त्याच फोटोंमधून आमचं दुसरं काम निघायचं. कामगार वारला की घरचे यायचे, दहाव्याच्या आत मोठा फोटो हवा म्हणून. पुष्कळांचा उभ्या आयुष्यात काढलेला धड फोटो एकच असायचा, गेटपासचा. आम्ही नंबर विचारायचो, पाकीट शोधायचो, खालची पाटी वगळून नुसता चेहरा मोठा करायचो. भिंतीवर मोठा काळा-पांढरा फोटो म्हणजे माणूस गेला, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एकदा एक धडधाकट गृहस्थ स्वतःचाच तसा फोटो करून मागायला आले, तर उस्तादांनी त्यांना परत पाठवलं. "रंगीत काढा साहेब," म्हणाले, "हा वाला अभी नको."

उस्ताद गेले. त्यांच्या मुलानं दुकानात मोबाइलची कव्हरं आणि काचा विकायला सुरुवात केली आणि निगेटिव्हची पाकिटं, निगेटिव्हवरून फोटो मोठा करायचं यंत्र, म्हणजे एन्लार्जर, आणि तो कागदाचा डबा असं सगळं रिक्षात घालून माझ्याकडे निगडीला पाठवून दिलं. आमच्या फ्लॅटमधल्या दुसऱ्या बाथरूमच्या खिडकीला मी काळं कापड ठोकलं, लाल बल्ब लावला. सूनबाई काही बोलली नाही. तिचं न बोलणं फार स्पष्ट असतं.

गेल्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एक बाई दारात उभी राहिली. तिशी ओलांडलेली, अंगात कंपनीचा निळा एप्रन तसाच. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर कामाला होती आणि कुरुळीत खोली घेऊन राहत होती. फर्स्ट शिफ्ट संपवून, दोन बस बदलून आली होती. माझा पत्ता तिला उस्तादांच्या मुलानं दिला होता.

"काका, हा नंबर तुमच्याकडं असंल का?" ती म्हणाली, आणि तिनं एक पितळी बिल्ला टीपॉयवर ठेवला. त्यावर आकडा ठोकलेला होता, चारशे सतरा.

तो तिच्या वडिलांचा बिल्ला. ते पिंपरीच्या एका कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. साचा, म्हणजे डाय, बदलताना प्रेसचा वरचा भाग खाली आला आणि ते जागच्या जागी गेले. ही तेव्हा दीड वर्षाची. दापोडीला नदीकडेला त्यांची खोली होती. पुढे एका पावसाळ्यात पाणी शिरलं आणि ट्रंक गेली, ट्रंकेतला वडिलांचा एकुलता एक फोटोही गेला. बिल्ला वाचला, कारण तो आईच्या गळ्यात असायचा, काळ्या दोऱ्यात. कंपनीचा माणूस तो परत मागायला दोनदा आला होता. दोन्ही वेळा आईनं त्याला दारातूनच सांगितलं होतं, माणूस परत द्या आणि बिल्ला घेऊन जा.

आता आईलाही जाऊन सात-आठ महिने झाले होते. आईचा फोटो मोबाइलवरून काढून भिंतीवर लावला होता आणि शेजारची जागा मोकळी होती.

"मला बापाचं तोंड ठाव न्हाई, काका," ती म्हणाली. "कसे दिसायचे म्हणून विचारलं की आई दिसण्याचं काही सांगायची न्हाई. एकच सांगायची. तुझा बाप कुणाला भ्यायचा न्हाई. सुपरवायझरला न्हाई, साहेबाला न्हाई." मग म्हणाली, "आमच्या लाइनवर बायांना बाथरूमला सोडत नव्हते. बोलायला कोणी पुढं होईना. मी झाले. भ्या वाटत व्हतं, पण म्हणलं, आपण कुणाच्या हाव."

मी बिल्ला हातात घेतला. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार भारी वाटलं. इतकी वर्षं ज्या पाकिटांना घरातले अडगळ म्हणत होते त्यांच्यासाठी कुणीतरी दोन बस बदलून आलं होतं. मी तिला म्हणालो, "ताई, तुमचे वडील माझ्याकडे आहेत. निर्धास्त जा." पाकीट बघायच्या आधीच म्हणालो.

पाकीटही लगेच मिळालं. वरच्याच गठ्ठ्यात, माझ्याच अक्षरात चारशे सतरा. आत सहा फ्रेमची एक पट्टी होती. शेवटची फ्रेम कोरी, तिच्या आधीच्या फ्रेममध्ये एक माणूस पाटी धरून बसलेला आणि पाटीवर तोच आकडा. बिल्ला आईनं परत दिला नाही म्हणजे नंबरही वडिलांबरोबरच गेला, पुन्हा कुणाला दिला नसेल, असं मी धरून चाललो. पुढे शोधायची गरजच वाटली नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, निगेटिव्ह द्या माझ्याकडे. ऑफिसजवळ स्कॅन करून मिळतं. पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांत माणूस येत नाही," मी म्हणालो. वाक्य मलाच आवडलं, म्हणून सुनेपुढे पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

खरं म्हणजे मला ते कागद वापरायचे होते. कारण हवं होतं, ते मिळालं.

घरातले ऑफिसला गेले की मी बाथरूममध्ये शिरायचो. पहिल्या कागदाचा कोपरा फाडून, त्यावर उजेड न पाडता, तसाच डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, बुडवला. कोरा कागद कोराच राहायला हवा. तो राखाडी झाला. म्हणजे कागद नासला होता, पण पुरता मेला नव्हता. डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइडची चिमूट टाकली, मग आणखी एक. त्यानं राखाडीपणा थोडा मागे हटतो, पण चित्र यायला वेळ लागतो. जिथं पूर्वी पंधरा सेकंद पुरायचे तिथं मिनिट-मिनिट उजेड द्यावा लागला. दुसरा कागद चिखलासारखा आला. तिसऱ्यावर गालाला फोड आले, पाणी गरम झालं होतं. चौथा, पाचवा. उस्ताद असते तर पाठीत धपाटा बसला असता. सात कागद मी असे घालवले, आणि आठव्यावर माणूस वर आला.

त्या क्षणाचं मला अजूनही काहीतरी होतं. लाल उजेडात, ट्रेमध्ये पांढरा कागद नुसता हलत असतो, आणि मग कपाळावरची बट दिसते, भुवया, पाटीची चौकट, पाटीला धरलेली बोटं. ताईंनी मुद्दाम सांगितलं होतं, पाटी कापू नका, नंबर दिसू द्या. इतकी वर्षं बाप म्हणून तिच्याकडे तो नंबरच तर होता. काठ बोटभर काळवंडले होते, पण चेहरा मध्ये सुखरूप होता. मी फोटो धुतला, आरशावर उलटा चिकटवला. सुकला की तो आपोआप सुटून खाली पडतो. त्या दिवशी पडला तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो, धावत गेलो.

ती तिच्या सुट्टीच्या दिवशी आली. मी फोटो दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून ठेवला होता, बक्षीस द्यावं तसा काढून दिला. ती बघत राहिली. रडेल असं मला वाटलं होतं. माझी तशी तयारीही होती, पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता.

मग ती म्हणाली, "काका, हे भ्यालेत."

मी फोटो पुन्हा हातात घेतला. चष्मा वर करून पाहिलं. माणूस विशीतला, गालफडं बसलेली, आणि डोळे मोठे झालेले. खांदे कानांकडे ओढलेले. दहाही बोटं पाटीवर अशी दाबलेली, जणू कुणी ती काढून घेणार आहे.

"फ्लॅशमुळे होतं तसं," मी म्हणालो. "आणि कागद जुना आहे ना. डोळ्यांचा पांढरा भाग मळकट येतो, त्यामुळे भ्याल्यासारखं वाटतं. कागदाचा दोष आहे तो."

"न्हाई. भ्यालेत." तिनं फोटोवरून बोट फिरवलं, चेहऱ्याला न लावता, वरून. "आई माझं मन राखायला बोलायची मग. बिनबापाची पोर म्हणून."

त्यावर मी काय म्हणालो असेन? मला तिचा रागच आला. नऊतले आठ कागद घालवले, पाठ धरली, हातांना हायपोच्या रसायनाचा वास बसला, आणि हिला डोळे पसंत नाहीत. मी म्हणालो, "माणूस कंपनीत पहिल्या दिवशी घाबरतोच, ताई. त्यात काय एवढं." ती मान हलवून उठली, दोन्ही हातांनी मला नमस्कार केला आणि फोटो छातीशी धरून गेली. जाताना तिचे खांदे मला फोटोतल्या माणसासारखे दिसले, आणि मला वाटलं, बघा, रक्त बोलतं.

हे मी लिहितोय कारण हे विसरायची मला मुभा नाही.

पट्टी पाकिटात परत घालायला मी चार-पाच दिवस लावले. डार्करूममध्ये काम करणाऱ्याला शेजारच्या फ्रेम बघायची सवय नसते. पट्टी एन्लार्जरच्या चौकटीत घातली की हवी ती फ्रेम तेवढी उघडी राहते, बाकीच्या पत्र्याखाली झाकून जातात, आणि झाकूनच राहायला हव्यात, नाहीतर उजेड गळतो. त्या सकाळी मात्र मी पट्टी खिडकीशी धरली, धूळ पुसायला म्हणून. त्या माणसाच्या आधीच्या चार फ्रेममध्ये माणूस नव्हता. मशीन होतं. एक प्रेस, समोरून, बाजूनं, आणि मग जवळून. आणि चौथ्या फ्रेममध्ये फरशी, तिच्यावर टाकलेला लाकडाचा भुसा. भुसा कशावर टाकतात ते मला माहीत आहे.

अपघात झाला की सेफ्टीवाल्यांना फोटो लागायचे. वर्षाला असे दोन-चार तरी काढावे लागत. म्हणून ताईंनी वडिलांचं सांगितलं तेव्हा मला काही आठवलं नव्हतं. पण ती पट्टी हातात धरल्यावर तो दिवस जसाच्या तसा समोर आला. उस्तादांना ताप होता, म्हणून कॅमेरा घेऊन मी एकटाच गेलो होतो. प्रेसचे फोटो काढले. तिथं अजून वास येत होता, आणि मला कधी एकदा बाहेर पडतोय असं झालं होतं. तेवढ्यात टाइम ऑफिसच्या कारकुनानं हाक मारली. आलाच आहात तर एकाचा गेटपासचा फोटो घेऊन टाका, बदली माणूस आजच जॉइन झालाय.

कारकुनानं नंबर सांगितला, मी पाटीवर लिहिला आणि पाटी त्या माणसाच्या हातात दिली. त्यानं आकडा वाचला आणि पाटी स्टुलावर ठेवून दिली.

"साहेब, हा नंबर नको," तो म्हणाला. "दुसरा कुठला पण द्या."

तो नंबर कुणाचा होता ते कँटीनमध्ये त्याला कुणीतरी सांगितलं असणार. कारकून कागदांतून मान वर न करता म्हणाला, "नंबर जागेचा असतो, माणसाचा नाही."

तो हलला नाही. माझ्याकडे बघत होता. त्या खोलीत तेवढा मीच त्याच्यासारखा, बाहेरचा, पायात स्लीपर असलेला. मी म्हणू शकलो असतो, साहेब, द्या की दुसरा, काय फरक पडतो. कारकुनानं ऐकलं असतं की नाही कोण जाणे, पण मी म्हणू शकलो असतो. मला घरी जायचं होतं. मी पाटी उचलून त्याच्या हातात कोंबली आणि ओरडलो, "पाटी नीट धर. हनुवटीखाली. सरळ." आणि बटण दाबलं.

तो भ्याला होता. कागदाचा काहीच दोष नव्हता.

मी सगळे गठ्ठे खाली काढले. बाथरूमच्या फरशीवर बसून एकेक पाकीट उघडत गेलो. दुपारी खालच्या गठ्ठ्यात, मोठ्या भरतीच्या पाकिटात, मला दुसरा चारशे सतरा मिळाला. पाटीवर अक्षर माझंच. उस्ताद तो फोटो घेताना मी शेजारी उभा असणार, त्याच्यावरही ओरडलो असणार. पण मला तो माणूस आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. निगेटिव्हवर माणसं उलटी असतात, केस पांढरे, दात काळे. चेहरा कसा आहे ते छापल्याशिवाय कळत नाही. मला एवढंच कळत होतं, की ताईंच्या घरी तिच्या आईशेजारी मी एक परका पुरुष लावून ठेवला आहे, आणि आईला खोटं पाडलं आहे.

मुलाला सांगावं, स्कॅन करून आणावं, तिला फोन करावा, असं सरळ वागणारा मी असतो तर हा घोळच झाला नसता. मी चार दिवस गप्प राहिलो. जेवताना सुनेवर दोनदा चिडलो. कुणी विचारणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. तिच्याकडे पडताळायला दुसरा फोटो नव्हता. उरलेल्या एका कागदासकट डबा कपाटात ढकलून द्यायचा, की विषय संपला. हा विचार मी केला, नुसता मनात येऊन गेला असं नाही, बसून केला.

मग मला तिचं ते वाक्य आठवायचं, आई माझं मन राखायला बोलायची.

पाचवा दिवस गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, ती दुपारी आली. मी दार लावलं, लाल बल्ब लावला, डबा उघडला. शेवटचा कागद. हातात घेतला, आणि हातानं मला न विचारता त्याची दोन बोटं रुंद पट्टी फाडली.

पंचवीस वर्षं केलेली गोष्ट. उस्तादांची पहिली शिकवण ती, आधी पट्टी फाड, पट्टीवर उजेड अजमाव, मग अख्खा कागद घाल. अख्खा कागद आता नव्हताच. मी पट्टी धरून उभा राहिलो आणि स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. पण फाटलीच होती. तीच चेहऱ्याच्या मधोमध ठेवली, उजेड दिला, डेव्हलपरमध्ये टाकली.

पट्टीवर दात आले. मग ओठाचा कोपरा, वर गेलेला. मला वाटलं, डाग आहे. मग गालाची वळी आली. तो माणूस हसत होता.

उरलेला कागद मी एन्लार्जरखाली ठेवला. फोटो आला. डावा खांदा फाटलेल्या कडेनं गेला, काठ काळे, पण चेहरा अख्खा. हनुवटीखाली पाटी जराशी वाकडी धरलेली, आणि तो थेट कॅमेऱ्याकडे बघून हसत होता, कुणीतरी हसू नका म्हणून ओरडल्यावर हसावं तसा.

कुरुळीला मी तिच्या सुट्टीच्या दिवशी गेलो. जुन्या शेतकरी कुटुंबानं शेताच्या तुकड्यावर बांधलेल्या दहा-बारा खोल्यांची रांग होती, सगळ्या कंपनीवाल्यांना भाड्यानं दिलेल्या. घरमालकीण ओट्यावर बसली होती. "व्हय, हाय की ती," म्हणाली. "शेवटची खोली. तिच्या बापाचा फोटो केलाय न्हवं तुमी? लई चांगला केलाय."

खोलीत शिरल्या शिरल्या मला तो दिसला. आईचा रंगीत फोटो, शेजारी तो, काचेवर कपाळाच्या जागी गंध, दोघांना एकसारखे हार. बिल्ला त्याच्या फ्रेमला अडकवलेला. तो माझ्याकडे बघत होता.

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. प्रेस, भुसा, बदली माणूस, नंबर जागेचा असतो ते, आणि मी ओरडलो ते. ती स्टोव्हजवळ उभी राहून ऐकत होती.

"त्यांनी दुसरा नंबर मागितला व्हता?" तिनं विचारलं.

"हो."

"मग दिला का न्हाई?"

मला डाफरताही येईना.

मी पुठ्ठ्यातून दुसरा फोटो काढला. म्हणालो, "हे तुमचे वडील. पुरावा काही नाही. माझा शब्द आहे, आणि तो एकदा खोटा ठरलाय. पटलं नाही तर ठेवू नका."

ती फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेली. तिची पाठ माझ्याकडे होती.

"हे हसतायत," ती म्हणाली.

"हो."

"कंपनीच्या फोटोत हसू देत व्हते?"

"नाही. मीच ओरडायचो, हसू नका म्हणून."

"आन तरी हसले."

"तरी हसले."

ती उंबऱ्यावर खाली बसली. "मग आई खोटं बोलत नव्हती," म्हणाली, आणि मग रडली, त्या दिवशी रडली नव्हती ते सगळं. मी ग्लास शोधत होतो, पण खोलीत कुठे काय ठेवलंय ते मला माहीत नव्हतं.

रडून झाल्यावर तिनं भिंतीवरची फ्रेम उतरवली. काचेवरचं गंध पदरानं पुसलं. मागचे बारीक खिळे वाकवून पहिला फोटो काढला, नवा घातला. डाव्या बाजूला कागद कमी पडत होता, तिथं पुठ्ठा दिसत राहिला. तिनं फ्रेम पुन्हा आईशेजारी लावली आणि बिल्ला अडकवला. पहिला फोटो तिच्या हातात राहिला. तिनं तो टाकला नाही, उलटाही ठेवला नाही.

"हे तरी जगले का, काका?"

"मला माहीत नाही."

"त्यांनी त्याच मशीनवर काम केलं असंल?"

"केलं असेल. नंबर तोच म्हणजे जागा तीच."

तिनं फोटो पुठ्ठ्यात घातला आणि माझ्याकडे दिला. "घेऊन जा ह्यांना. माझ्या घरात ह्यांना कोण हाय?"

बसमध्ये मी पुठ्ठा मांडीवर धरून बसलो होतो. ती कंपनी आता नाही, तिथं बावीस मजली टॉवर आहेत. टाइम ऑफिस नाही, कारकून असेल तर कुठे असेल ठाऊक नाही. त्या बदली माणसाचं नाव मी विचारलं नव्हतं, त्यामुळे कुणाकडे जाऊन कुणाची चौकशी करू, तेही कळत नाही. दापोडीत दोन-तीन जुन्या कामगारांना फोटो दाखवून आलो. एकानं चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाला, "असली लई पोरं येऊन गेली, भाऊ."

कागद संपले. डबा रिकामा आहे. सूनबाईनं विचारलं, बाथरूम मोकळं करायचं का, आणि या वेळी मी डाफरलो नाही. करू म्हणालो. पण त्या बदली माणसाच्या फोटोचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही. भिंतीवर लावला तर तो मेला असं मी म्हटल्यासारखं होईल, आणि तो कुठेतरी नातवंडं खेळवत असेलही. कपाटात घालून अंधारात ठेवायचा, तर ते मी एकदा केलंय, तीस वर्षं. म्हणून सध्या तो बाथरूममध्ये एन्लार्जरला टेकवून ठेवलाय. मी दात घासायला जातो तेव्हा तो तिथं असतो. पाटी हनुवटीखाली, अगदी सरळ, मी सांगितली होती तशी.